माहेरच्या नावानं ठेवलेली लग्नं

शेषराव भाऊजी कुणाच्याही घरात आले की आधी भिंतीवरचा लाईटचा बोर्ड शोधायचे. चहा नंतर, पाणी नंतर, रामराम पण नंतर. बोर्ड दिसला की मग माणसाकडं बघायचे. ही त्यांची शूटिंगच्या दिवसांतली सवय. लग्नघरी पोचलं की फोकस कुठून पेटवायचा, वायर किती लागेल, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. धंदा बंद झाला तरी नजर तीच राहिली. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, ह्यांना आमच्या घरात काही खोट दिसली. मी पदर सावरून आत गेले. आतूनच ऐकलं, ते आमच्या मालकांना सांगत होते, "दादा, ह्या बोर्डाला अर्थिंग न्हाई. एखाद्या दिवशी वहिनीला शॉक बसल." दुसऱ्या दिवशी वायर, पक्कड घेऊन स्वतःच आले आणि काम करून गेले. पैसे विचारले तर म्हणाले, "शेजारच्याला शॉक बसला तर झोप माझीच जाणार."

आमच्या दोन घरांच्या मधी एकच भिंत. जवळा बाजारला त्यांचं फोटोचं दुकान होतं आणि आसपासच्या गावांतली लग्नं तेच काढायचे. खांद्यावर मोठा कॅमेरा, मागं फोकस धरणारा, गळ्यात वायरचं वेटोळं. त्या काळी लग्नाची कॅसेट करायची म्हणजे मोठी गोष्ट होती. पण कॅसेट बघायचं मशीन कुणाच्या घरी असायचं? लोक एकदा भाड्यानं मशीन आणून सगळ्या गल्लीला लग्न दाखवायचे आणि मग कॅसेट भाऊजींच्याच दुकानात ठेवून जायचे. "तुमच्यापाशीच राहू द्या, आमच्याकडं उंदरं हायेत." असं करत करत निम्म्या गावाची लग्नं त्यांच्याकडं साठली.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाईल आला. दुकान बंद झालं. कॅसेटी पोत्यांत भरून त्यांनी घरी माळ्यावर टाकल्या. एका पावसाळ्यात वरचा पत्रा गळला. दिवाळीच्या झाडलोटीत कौसाबाईनं, म्हणजे त्यांच्या मंडळीनं, एक पोतं खाली ओढलं तर कॅसेटीच्या काचेतून आतल्या पट्टीवर पांढरी बुरशी दिसली. शिळ्या भाकरीवर येते तशी.

"टाकून द्या हे आता," कौसाबाई म्हणाली. "घर भरून ठेवलंय नुसतं."

"माझं असतं तर टाकलं असतं," भाऊजी म्हणाले. "लोकांची ठेव हाय."

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बुरशीनं खाऊन टाकायच्या आधी ह्या कॅसेटींतली लग्नं बाहेर काढायची आणि ज्याची त्याला दाखवायची. ते ह्यातलं काही शिकलेले नव्हते. कॅमेरा त्यांना कळत होता, पण कॉम्प्युटर नाही. मोबाईलवर बघून बघून शिकले. एक एक गोष्ट दहादा बघायचे, चुकायचे, परत पहिल्यापासून लावायचे. हिंगोलीला एक कॉम्प्युटरचा क्लास बंद पडत होता, तिथून एक जुना डब्बा आणला. त्यात मोठ्या साठवणीची हार्डडिस्क बसवून घेतली. कॅसेटचं मशीन वारंगा फाट्यावरच्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं धूळ खात पडलं होतं, ते आणलं. कॅसेटमधलं कॉम्प्युटरात उतरवायची एक लहान डबीही मागवली.

हे सगळं ठेवायला जागा पाहिजे होती. घरातली सगळ्यात कोरडी आणि थंड जागा म्हणजे भिंतीतली लोणच्याची फळी. भाऊजींनी बरण्या खाली उतरवल्या आणि डब्बा तिथं बसवला. कौसाबाई चार दिवस बोलली नाही. नंतर बोलली ती डब्यावरूनच. त्याला ती पाव्हणा म्हणायची. "पाव्हण्याला गरम होतंय, पंखा लावा. पाव्हण्याच्या अंगावर धूळ बसली, पुसा. आम्ही मेलो उकडून तरी कुणी इचारत न्हाई."

काम किती सावकाश असतं ते मी तेव्हा बघितलं. लग्न जितकं लांब तितकाच वेळ ते उतरवायला लागतो. पळवता येत नाही. भाऊजी आधी कॅसेट खोलायचे, पट्टीवरची बुरशी मऊ कापडानं हळूहळू पुसायचे, मग लावायचे. मधीच चित्र फाटलं की थांबवून मशीनचं पट्टी वाचणारं डोकं स्पिरिटनं पुसायचे. कुणी विचारलं, "झालं का आमचं?" की त्यांचं एकच उत्तर, "मशीनला घाई कळत न्हाई."

काही लग्नं उतरल्यावर त्यांनी गल्लीतल्या लोकांना ओट्यावर बोलावलं. भिंतीवर वायफायचा एक लहान डब्बा लावला होता, दोन शिंगांचा. म्हणाले, "ही आपल्या गल्लीची हीर समजा. रिचार्ज न्हाई, नेट न्हाई. ज्याचा मोबाईल ह्या डब्याला जोडला त्यानं पोहरा टाकायचा अन् आपलं लगीन काढून बघायचं. गल्लीच्या बाहेर गेलं की दोर पुरत न्हाई, इतकंच." बाप्यांनी मोबाईल पुढं केले. त्यांनी एकेकाला जोडून दिलं.

लग्नांबरोबर लोकांच्या कागदांनाही त्यांनी त्यात जागा दिली. शाळेचे दाखले, मार्कशीट, सातबारा, सगळ्याचे फोटो. प्रत्येक घराचा कप्पा वेगळा आणि त्याला कुलूप. कुलपाचा शब्द काय ठेवायचा म्हणून लोक अडले, तेव्हा भाऊजी म्हणाले, "आपल्या गाईचं नाव ठेवा, इसरणार न्हाई." महिन्याभरात कळलं की गल्लीत ज्याच्या त्याच्या गाईचं नाव कपिला. कुणीही कुणाचा कप्पा उघडावा असं झालं होतं. भाऊजी स्वतःच कपाळावर हात मारून हसले आणि परत घरोघर फिरून नवी कुलपं लावून आले.

पण लग्नं बघायला कुणी येईना. बाप्ये एकदा बघून गेले. बायका यायच्या, कौसाबाईपाशी बसायच्या, डब्याकडं बघायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि उठून जायच्या. भाऊजी कष्टी झाले. "नको हाय लोकांना," असं म्हणत ओट्यावर बसून राहायचे. एवढा खटाटोप केला तो कुणासाठी, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं.

मी एकदा विरजण मागायला गेले होते. भाऊजी समोरच बसले होते. मी त्यांच्याशी सरळ बोलत नसे, तशी रीत नव्हती आणि मला धीरही नव्हता. मी कौसाबाईलाच हळू म्हणाले, "बायका काहून मागत न्हाईत, म्हाईत हाय का?"

"काहून?"

"सगळ्या लग्नांवर नवऱ्याचं नाव हाय. ते तोंडानं कसं घ्यावं?"

कौसाबाई भाऊजींकडं वळली. "ऐकलं का? किसनरावांचं लगीन, बाबारावांचं लगीन, असं लिहून ठेवलंय तुमी. आता किसनरावाच्या बायकोनं येऊन काय म्हणावं?"

भाऊजी गोंधळले. "उखाण्यात घेता की नाव."

"मग काय दर खेपेला उखाणा घालून लगीन बघावं का आमी?"

भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "इतकी वर्षं लग्नं काढली. ही गोष्ट माझ्या ध्यानात कशी न्हाई आली?"

आमच्याकडं बायकांना सासरी माहेरच्या गावानं ओळखतात. हट्ट्याची ती हट्टेकरीण. मी वारंग्याची, म्हणून वारंगेकरीण. भाऊजींनी ठरवलं, सगळी लग्नं नवरीच्या माहेरच्या नावानं ठेवायची. पण कोणती बाई कुठली, हे त्यांना कुठं माहीत? चित्रात सगळ्या नवऱ्या सारख्या. मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. तेव्हा कौसाबाईनं मला बोलावून घेतलं. आम्ही दोघी डाळ निवडत बसायचो, समोर टीव्हीवर लग्न चालायचं आणि मी सांगायची, ही आडगावची, हिचा भाऊ बघा मागं उभा आहे. ही डोंगरकड्याची, लुगड्याच्या काठावरून ओळखू येते. सुरुवातीला मी कौसाबाईला सांगायची आणि ती भाऊजींना सांगायची, एकाच खोलीत बसून. भाऊजींनी कधी म्हटलं नाही की सरळ मला सांगा. ते कौसाबाईच्या तोंडून ऐकायची वाट बघायचे. मग एके दिवशी कौसाबाई चुलीपाशी होती, चित्र पुढं जात होतं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, मागं घ्या जरा." त्यांनी वळून न बघता मागं घेतलं. त्यानंतर मी बोलू लागले.

नावं बदलल्यावर घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. दुपारी भांडी घासून झाली की बायका यायच्या. "जवळेकरणीचं लावा." "आधी माझं, मी कालपासून नंबर लावून बसले." एका लग्नात भाऊजींनी नवरा-नवरीच्या चेहऱ्याभोवती बदामाचा आकार लावला होता, पण तो चुकून नवरीच्या मामाभोवती बसला होता. मामा तोंडात लाडू कोंबत होता. ते लग्न तर दुसऱ्या गल्लीतल्या बायकासुद्धा बघून गेल्या.

भाऊजींनी मला डब्याचं काम दाखवलं. पंख्यावरची धूळ मऊ ब्रशनं कशी काढायची, लाईट जायच्या आधी त्याला नीट कसं बंद करायचं. खटकन बटण दाबायचं नाही, आधी त्याला सांगायचं, ते आवरून घेतं, मग दाबायचं. दर अमावस्येला ते सगळ्याची एक कॉपी काढायचे. अमावस्याच का, तर ती कुणी विसरत नाही म्हणून. ती कॉपीची डिस्क ते आमच्या घरी ठेवायला द्यायचे. मी ती सुती कापडात गुंडाळून ज्वारीच्या कोठीवर पितळी डब्यात ठेवायची. आमच्या मालकांनी विचारलं, "तुमच्या घरात जागा न्हाई का?" भाऊजी म्हणाले, "तुमी बी सगळं बियाणं एकाच घरात ठेवता का, दादा?"

गयाबाई मात्र आली नाही. गयाबाई म्हणजे हट्टेकरीण, आमच्या समोरच्या घरातली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्याचा एकच फोटो होता, मतदान कार्डावरचा मोठा करून घेतलेला. त्यात तो कुणावर तरी चिडल्यासारखा दिसायचा. मी तो माणूस बघितलेला आहे. सारखा हसायचा. एकदा विहिरीवर गयाबाईनं मला हळूच विचारलं, "माझंबी हाय का गं त्यात? आमचे ते?"

मी भाऊजींना सांगितलं. त्यांनी पोती उपसून ती कॅसेट शोधली. सगळ्यांत खराब तीच निघाली. पाणी नेमकं तिच्यावर गळलं होतं. भाऊजींनी ती कितीतरी दिवस पुसली. सर्वपित्री अमावस्या होऊन गेली, नवरात्र बसलं, तेव्हा कुठं ती लावली. उतरली सगळी, पण शेवटाला पट्टी तुटली आणि मशीनच्या चाकात गुंडाळून तिचा चुरा झाला. भाऊजी म्हणाले, "तुटू दे. आलं आता डब्यात." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गयाबाईला बोलवायचं ठरलं.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, मोटरसायकल, जे जे वर्षभर राबतं ते धुवायचं, हळदी-कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. भाऊजी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले होते. कौसाबाईनं विळा-कोयता धुतला, जुना कॅमेरा पुसला. मग तिचं लक्ष पाव्हण्याकडं गेलं. एवढं बोलायची, पण जीव होता तिचा त्याच्यावर. तिनं त्याला नीट बंद केलं, ओल्या फडक्यानं पुसलं, हळदी-कुंकू कालवून बोटं ओढली आणि डोक्यावरच नारळ फोडला. डब्याच्या डोक्यावर जाळी असते. नारळाचं पाणी सगळं आत गेलं.

भाऊजी आले तेव्हा मी तिथंच होते, पूजेचं ताट घेऊन आलेली. त्यांनी डब्याखाली साचलेलं पाणी बघितलं. फुलं खाली ठेवली. चपला काढल्या आणि आधी डब्याला हात जोडले, कारण पूजा झालेली होती. मग वायर उपसली.

कौसाबाई घाबरून गेली होती. "काय चुकलं का माझं? वर्षभर राबतंय, म्हणलं एक दिवस इसावा."

"पूजा बराबर केली," भाऊजी म्हणाले. "जराशी जास्त झाली. पण लाईट बंद करून केली, हे लई चांगलं केलं."

मी म्हणाले, "कॉपी हाय ना, भाऊजी, आमच्या घरी."

"हाय," ते म्हणाले. "पण ती अमावस्येची. हट्टेकरणीचं लगीन त्याच्या नंतरचं हाय."

कौसाबाईनं तोंडाला पदर लावला. कॅसेटचा चुरा झालेला आम्ही सगळ्यांनी बघितला होता.

दसऱ्याच्या दिवशी ओट्यावर पांढऱ्या धोतरावर डब्याची सगळी आतडी मांडलेली होती, सावलीत. सोनं द्यायला येणारा प्रत्येक माणूस आपट्याचं पान हातात देऊन आधी तेच विचारायचा. कुणी म्हणे उन्हात ठेवा, कुणी म्हणे तांदळात पुरा. आमचे मालक म्हणाले, "एकदा चालू करून तर बघा, कळल तरी." भाऊजी हलले नाहीत. "ओलं हाय तवर लाईट द्यायची न्हाई. आज कळायच्या हौसेनं उद्याचं जाईल." गयाबाई पण सोनं घेऊन आली. भाऊजींना दिलं, कौसाबाईला दिलं. धोतरावरच्या डिस्ककडं नुसतं बघितलं आणि काही न विचारता गेली. कौसाबाई त्या दिवशी जेवली नाही.

बरेच दिवस वाळवल्यावर त्यांनी लाईट दिली. फट् असा आवाज झाला आणि जळका वास आला. भाऊजींनी शांतपणे वायर काढली, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "हे डब्याला लाईट पुरवणारं खोकं गेलं. हे बाजारात भेटतं. आतलं अजून कळायचंय." दुसऱ्याच दिवशी हिंगोलीहून नवं आणलं. ते जोडलं, पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. मोबाईल त्यांनी माझ्या हातात दिला. "वहिनी, तुमचे डोळे चांगले हायेत. बघा."

मी वरून खाली बोट फिरवत गेले. आडगावकरीण, जवळेकरीण, डोंगरकड्याची. सगळ्यात खाली हट्टेकरीण होती.

कौसाबाई निघालीच गयाबाईला बोलवायला. भाऊजींनी तिला थांबवलं. आधी आमच्या घरची डिस्क मागवली. अमावस्या नव्हती, तरी कॉपी काढली, ती माझ्या हातात दिली, मी घरी ठेवून आले. "आता बोलवा," ते म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात भाऊजी गेले. डब्बा अजून त्या फळीवर आहे. धूळ मी काढते, अमावस्येची कॉपी मी काढते, नवीन सून गल्लीत आली की तिच्या मोबाईलमधलं लग्न मीच त्यात टाकते, तिच्या गावाच्या नावानं. हे मला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. भाऊजींची आठवण निघाली की लोक त्यांचं शूटिंग सांगतात, दुकान सांगतात. मला ते दिसतात गयाबाईला बोलावलं त्या दुपारचे.

गयाबाई आली. धुतलेलं लुगडं नेसून आली होती. भाऊजींनी टीव्हीवर लग्न लावलं, चित्र नीट दिसतंय एवढं बघितलं आणि उठून बाहेर गेले. जाताना दार पुढं लोटून घेतलं. आत आम्ही तिघीच राहिलो.

चित्रात जागोजागी पांढरे फाटे पडत होते. मांडव दिसला, वाजंत्री दिसली, मग बाशिंग बांधलेला नवरा आणि त्याच्या समोर मान खाली घालून उभी असलेली पोरगी. टीव्हीतून भाऊजींचा तरुण आवाज आला, "वहिनी, मान वर करा. जराशी वर." पोरीनं मान वर केली नाही. नवरा मात्र तिच्याकडं बघून हसत होता. तोंडभर हसत होता.

"थांबव गं," गयाबाई म्हणाली.

मी थांबवलं. ती उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"मी त्या दिवशी ह्यांचे पायच बघितले होते," ती म्हणाली.

कौसाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर कुणीतरी भाऊजींना हाक मारली, काहीतरी काम होतं, आत येऊ का विचारत होतं. दाराच्या फटीतून मला भाऊजींची पाठ दिसत होती. ते ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून, दाराला आडवे बसले होते.

"थोडं थांबा," ते हळू आवाजात म्हणाले. "आत लगीन लागून राहिलंय."